फ्रेडरिक डग्लस : हक्क मिळाल्यानंतरची लढाई

२० फेब्रुवारी हा फ्रेडरिक डग्लस यांचा स्मृतिदिन. अमेरिकेतील मेरीलँडमध्ये १८१८ च्या सुमारास ते गुलाम म्हणून जन्मले. मालकिणीने अक्षरे शिकवली, मालकाने शिकवणे बंद पाडले. मालक विद्येला भितो, हे पोराला तेव्हाच कळले. १८३८ मध्ये ते निसटले. १८४७ मध्ये स्वतःचे वृत्तपत्र काढले. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटताच कृष्णवर्णीयांना सैन्यात घ्या, असा आग्रह त्यांनी धरला; आपले दोन मुलगे भरती केले. समान पगारासाठी ते १८६३ मध्ये अध्यक्ष लिंकन यांना भेटले.

१८६५ मध्ये गुलामगिरी गेली, १८६८ मध्ये नागरिकत्व व १८७० मध्ये मताधिकार घटनेत आला. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ ग्रंथ अर्पण केला तो याच मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना.

पण १८७७ मध्ये दक्षिणेतील लष्करी संरक्षण उठले. रेल्वे, खानावळी, नाटकगृहांत समान प्रवेश देणारा १८७५ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १८८३ मध्ये मोडीत काढला. पासष्टीचे डग्लस पुन्हा सभांतून उभे राहिले आणि १८९५ मध्ये मरेपर्यंत झुंजले.

आम्ही कायद्याची माणसे. राबवणारा हात निघाला की कायदा किती दुबळा होतो, हे आम्ही जाणतो. बांधवांनो, मिळालेल्या हक्कावर पहारा चळवळीनेच द्यायचा असतो.