विश्वनागरिकत्वाचा विद्यार्थी : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

बालाघाटच्या डोंगररांगेतील कपिलधार हे मन्मथस्वामींच्या समाधीमुळे आणि धबधब्यामुळे दूरवर परिचित आहे. या परिसरासह बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी गाव सोडतात. मायबाप परमुलखात आणि लेकरे वसतिगृहात, हे येथील अनेक घरांचे वास्तव आहे. घरापासून दूर राहून शिकणाऱ्या या मुलांना जगाशी आपले नाते काय, हे समजावून सांगावयाचे असेल, तर बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेइतके समर्पक उदाहरण दुसरे नाही.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव १९१२ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी. ए. झाले. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत पिता रामजी सुभेदार निवर्तले. घरचा आधार तुटला असतानाच बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती आणि तिच्या बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. जुलै १९१३ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

तेथे काही काळ ते कॉस्मॉपॉलिटन क्लबमध्ये राहिले. पुढे लिव्हिंगस्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी त्यांचा जो स्नेह जुळला, तो आयुष्यभर टिकला. ज्या मुलाला शाळेत स्वतःचे गोणपाट घेऊन वेगळे बसावे लागले होते, तो आता सर्वांच्या पंक्तीला जेवत होता, ग्रंथालयातील कोणतेही पुस्तक हाती घेत होता. शिष्यवृत्तीतून काटकसर करून तो घरी पैसे पाठवी आणि उरल्यासुरल्या पैशांतून जुनी पुस्तके विकत घेई.

एडविन सेलिगमन यांच्याकडे त्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास केला. जॉन ड्युई यांच्या लोकशाहीविषयक विचारांचा ठसा त्यांच्या मनावर कायम उमटला. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राचे प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. परक्या देशात ज्ञानाची नवी साधने हाती येताच त्यांनी ती प्रथम आपल्याच समाजाच्या दुखण्यावर चालविली. जग पाहणे आणि घर विसरणे या दोन गोष्टी त्यांनी कधी एक मानल्या नाहीत.

शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून ते ऑगस्ट १९१७ मध्ये मायदेशी परतले. करारानुसार बडोद्यास रुजू झाले, परंतु त्या शहरात त्यांना राहावयास खोली मिळेना. पारशी नाव धारण करून ते एका पारशी विश्रामगृहात उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. जगातील नामांकित विद्यापीठाचा हा पदवीधर त्या दिवशी आसऱ्याअभावी कामाठी बागेत तासन् तास बसून राहिला. न्यूयॉर्कमध्ये सहज लाभलेली माणुसकी स्वदेशात नाकारली गेली. ज्याला आपल्या गावी नागरिक म्हणून जागा नाही, त्याचे विश्वनागरिकत्व अपुरेच असते, हा धडा बडोद्याने दिला.

अशा प्रसंगानंतर परदेशात स्थायिक होणे सोपे होते. बाबासाहेब १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले, ते अपुरा अभ्यास पुरा करण्यासाठी, बॅरिस्टर होऊन १९२३ मध्ये ते परत आले आणि त्याच वर्षी त्यांना डी. एस्सी. ही पदवी मिळाली. पुढे मसुदा समितीचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी ज्या संविधानाला आकार दिला, त्याच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि ५१व्या कलमाने आंतरराष्ट्रीय शांततेचा पुरस्कार केला. गावचा पाणवठा आणि जगाची शांतता यांना एकाच ग्रंथात स्थान मिळाले.

जे आपल्याला सागरापार जाऊन मिळाले, ते पुढच्या पिढीला घराजवळ मिळावे, ही त्यांची तळमळ होती. त्यासाठी ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादेत मराठवाड्यासाठी महाविद्यालय सुरू झाले. औरंगाबादच्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव मिळाले, तर परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. मिलिंद हा ग्रीक राजा आणि नागसेन हा बौद्ध भिक्षू. त्यांचा संवाद पाली भाषेतील मिलिंदपञ्ह या ग्रंथात आहे. चर्चा राजसत्तेच्या जोरावर नव्हे, तर पंडितांच्या रीतीने व्हावी, अशी अट नागसेनाने घातली आणि राजाने ती मानली. दोन संस्कृतींची माणसे समान पातळीवर बसून निर्भयपणे प्रश्न विचारतात, याहून विश्वनागरिकत्वाचे निराळे शिक्षण ते कोणते? मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतील कित्येक मुलांनी या नागसेनवनात पहिल्यांदा महाविद्यालयाची पायरी चढली.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह बुद्धाचा धम्म स्वीकारला. नोव्हेंबरात काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेस ते प्रकृती ठीक नसतानाही उपस्थित राहिले आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

पालकहो, आपले लेकरू उद्या पुण्याला जावो वा परदेशी, त्याच्या हाती केवळ पदवी असून भागणार नाही. परक्यास आपले मानण्याची मैत्री आणि आपल्या गावातील अन्यायाला प्रश्न विचारण्याचे धैर्य त्याच्यापाशी असले पाहिजे. माजी विद्यार्थ्यांनीही आपल्या शिक्षणाचा एक वाटा मागून येणाऱ्या मुलांसाठी राखून ठेवावा. बाबासाहेबांना तेच खरे अभिवादन ठरेल.