दोन कानांचे इंजिनिअर : ॲलन ब्लमलाइन

खाडीत काळोखात मचवा येत असला तर तो रेवदंड्याच्या अंगाला आहे की कोर्लईच्या, हे आपल्याला न बघताच कळतं. आवाज एका कानाला किंचित आधी नि जरा मोठा पोचतो, म्हणून. ही गंमत रेकॉर्डवर उतरवायची युक्ती ज्यांनी काढली ते ॲलन ब्लमलाइन.

त्यांचा जन्म २९ जून १९०३ रोजी लंडनला झाला. सात वर्षांचे असताना त्यांनी घरची विजेची घंटा दुरुस्त केली आणि वडिलांना चक्क बिल दिलं, असं सांगतात! पुढे ते इंजिनिअर झाले आणि १९२९ साली कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत लागले.

१९३१ साली ते एकदा सिनेमाला गेले होते. पडद्यावरचा नट या टोकाहून त्या टोकाला जाई, आवाज मात्र एकाच कर्ण्यातून येई. हे त्यांना खटकलं. त्याच वर्षी १४ डिसेंबरला त्यांनी पेटंटचा अर्ज दिला. दोन मायक्रोफोन, दोन वाटा, दोन कर्णे. हाच स्टिरिओ.

खरी अडचण पुढेच होती. रेकॉर्डवर खाच एकच, मग दोन आवाज वेगळे राहायचे कसे? त्यांनी खाचेच्या दोन भिंती एकमेकींशी काटकोनात ठेवल्या. डाव्या आवाजाची नक्षी एका भिंतीवर, उजव्याची दुसरीवर. काटकोनामुळे एकीचं हलणं दुसरीत जवळजवळ उतरतच नाही. मोठी नामी युक्ती!

घरी व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर जुळवणाऱ्या हौशी माणसांना आजही हीच काळजी असते. दोन्ही बाजूंना वीज एकाच ठिकाणाहून मिळते. एका बाजूला तबला जोरात वाजला की व्होल्टेज क्षणभर डळमळतं आणि त्याची चाहूल दुसऱ्या बाजूला लागते. मग तबला डावीकडे, पेटी उजवीकडे असं न राहता सगळं मधे गोळा होतं. म्हणून जाणते लोक प्रत्येक बाजूला वेगळा फिल्टर कंडेन्सर घालतात, तारा लांब लांब ठेवतात. एकाच बाजूला गाणं लावून दुसऱ्या कर्ण्याला कान लावायचा, ही त्याची परीक्षा. (पेटी मात्र तुम्ही उघडू नका. आत तीनशे-चारशे व्होल्ट असतात, बटण बंद केल्यावरही काही वेळ राहतात.)

ब्लमलाइन यांनी टेलिव्हिजनवरही काम केलं. जेमतेम ३८ वर्षांच्या आयुष्यात त्यांच्या नावावर १२८ पेटंटं झाली. मग महायुद्ध आलं. ढगांतून नि काळोखातून खालची जमीन दाखवणाऱ्या रडारची चाचणी घ्यायला ते ७ जून १९४२ रोजी हॅलिफॅक्स विमानातून निघाले. वाटेत इंजिनाला आग लागली, विमान कोसळलं, आतले अकराही जण गेले. इंजिनातलं एक नट नीट आवळलेलं नव्हतं, असं पुढे तपासात दिसलं. रडार गुप्त होतं, त्यामुळे त्यांच्या मृत्यूची बातमीसुद्धा दाबून ठेवावी लागली. मागे पत्नी डोरीन आणि दोन लहान मुलगे होते.

स्टिरिओ रेकॉर्डी बाजारात सर्रास येऊ लागल्या त्या १९५८ साली, त्यांच्याच काटकोनी खाचेच्या. तोवर त्यांना जाऊन सोळा वर्षं झाली होती.