फक्त ३४ जणांच्या टीमने आयबीएमला घाम फोडला, त्या सीमोर क्रेची गोष्ट

उल्हासनगरच्या एखाद्या जीन्सच्या कारखान्यात डोकावून बघा. एकजण कापड कापतोय, दुसरा शिवतोय, तिसरा बटणं लावतोय. एका ऑर्डरची चेन आली नाही म्हणून सुपरवायझर सगळ्यांना बसवून ठेवत नाही. ज्याचा माल तयार आणि ज्याचं मशीन रिकामं, ते काम पुढे सरकतं.

कॉम्प्युटरला हे शहाणपण शिकवणाऱ्या पहिल्या काही लोकांमध्ये एक नाव येतं, सीमोर क्रे.

क्रे यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२५ चा, अमेरिकेतल्या चिपेवा फॉल्स या छोट्या गावातला. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात रेडिओचं काम करत होते. परत आल्यावर मिनेसोटा विद्यापीठातून इंजिनिअर झाले आणि १९५७ मध्ये सुरू झालेल्या कंट्रोल डेटा कंपनीत गेले. याच कंपनीचा सीडीसी ३६०० हा कॉम्प्युटर १९६४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आला होता.

क्रे यांना मीटिंगा आणि ऑफिसची गडबड नको होती. त्यांनी थेट आपल्या गावात प्रयोगशाळा थाटली. तिथेच तयार झाला सीडीसी ६६००. १९६४ मध्ये तो जगातला सगळ्यात वेगवान कॉम्प्युटर ठरला. तो बनवणारी टीम होती ३४ जणांची, तीही सफाई कामगाराला धरून. एवढ्याशा टीमने आपल्याला मागे टाकलंच कसं, असा जाब आयबीएमच्या प्रमुखांनी आपल्या अधिकाऱ्यांना विचारला होता.

मग यात वेगळं काय होतं?

बेरीज, गुणाकार, भागाकार अशा कामांसाठी त्यात १० स्वतंत्र विभाग होते. कोणता विभाग रिकामा, कोणाची माहिती यायची बाकी, याची नोंद 'स्कोअरबोर्ड' ठेवायचा. ही यंत्रणा क्रे आणि त्यांचे सहकारी जेम्स थॉर्नटन यांच्या टीमची. म्हणजे आपला कारखान्यातला सुपरवायझरच.

पण एक अडचण राहिली. समजा पहिल्या ऑर्डरचा माल ३ नंबरच्या ट्रेमध्ये पडून आहे आणि दुसऱ्या ऑर्डरच्या कागदावरही ३ नंबरच लिहिलाय. दोन्ही ऑर्डरींचा एकमेकींशी संबंध नाही, तरी दुसरीला थांबावं लागतं. प्रोसेसरमधल्या अशा ट्रेना रजिस्टर म्हणतात. स्कोअरबोर्ड इथे थांबायचा.

याचं उत्तर १९६७ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट टोमासुलो यांनी मांडलं. दुसऱ्या ऑर्डरला दुसरा रिकामा ट्रे द्या आणि हाच तिचा ३ नंबर, अशी नोंद ठेवा. यालाच रजिस्टर रिनेमिंग म्हणतात. आज लॅपटॉप आणि चांगल्या फोनच्या प्रोसेसरमध्ये हीच कल्पना राबते.

क्रे थांबले नाहीत. १९७२ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि १९७६ मध्ये क्रे-१ आणला. पुढे 'क्रे' हे नाव सुपरकॉम्प्युटरसाठीच घेतलं जाऊ लागलं. ऐंशीच्या दशकात भारताला हवा तेवढा ताकदवान क्रे द्यायला अमेरिका तयार झाली नाही. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला.

सप्टेंबर १९९६ मध्ये क्रे यांच्या गाडीला अपघात झाला. ५ ऑक्टोबरला, वयाच्या ७१ व्या वर्षी ते गेले. मशीन नुसतं वेगवान असून भागत नाही, ते रिकामं बसता कामा नये, हा त्यांचा धडा मात्र आजही तुमच्या खिशातल्या फोनमध्ये चालू आहे.