आमोस अलोंझो स्टॅग

अमेरिकेंत फुटबॉल ह्या नांवानें जो खेळ चालतो तो आपल्या इकडील फुटबॉल नव्हे. त्यांतला चेंडू लांबट असतो. तो बहुधा हातांत घेऊन पळावयाचें असतें, आणि प्रतिपक्षाचे गडी पळणाऱ्यास धरून भुईवर पाडतात. असला धसमुसळा खेळ शिकविण्यांत एका भक्तिमान् पुरुषानें सत्तर वर्षें वेंचलीं, ह्याचें वाचकांस नवल वाटेल.

संदेष्टा आमोस ह्याचेंच नांव धारण करणारे हे गृहस्थ १६ ऑगस्ट १८६२ रोजीं न्यू जर्सी संस्थानांतील वेस्ट ऑरेंज गांवीं, जोडे शिवून पोट भरणाऱ्या गरीब कारागिराच्या घरीं जन्मले. उपदेशक व्हावें ह्या हेतूनें ते येल विद्यापीठांत गेले. तेथें बेसबॉल ह्या खेळांत चेंडू फेकण्याविषयीं त्यांची मोठी ख्याति झाली. धंदेवाईक संघांनीं त्यांस द्रव्य देऊं केलें, पण त्यांनीं तें घेतलें नाहीं. पुढें ते ईश्वरविज्ञान शिकूं लागले. परंतु सभेपुढें उभें राहून बोलणें त्यांस साधेना. ज्यास वक्तृत्वाचें दान नाहीं त्यानें देवाची सेवा कोठें करावी? १८९० सालीं ते तो अभ्यास सोडून स्प्रिंगफील्ड येथील ख्रिस्ती तरुण संघाच्या शिक्षणशाळेंत गेले. तरुणांचीं शरीरें व शील घडविणें हीच त्यांची उपदेशकी ठरली. आपल्या शाळांतून खेळतात तो बास्केटबॉल १८९१ सालीं त्याच शाळेंत निघाला.

येल येथें स्टॅग ह्यांस पवित्र शास्त्र शिकविणारे विल्यम रेनी हार्पर हे शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष झाले. त्यांनीं १८९२ सालीं आपल्या ह्या शिष्यास प्राध्यापकाचा दर्जा देऊन बोलाविलें. तेथें स्टॅग चाळीस वर्षांवर राहिले. ते तंबाखू व मद्य ह्यांस शिवत नसत, आणि अपशब्दही उच्चारीत नसत. फार रागावले तर खेळाडूस गाढव म्हणत. आपल्या इकडील शाळामास्तरांस हा शब्द अगदींच परका नाहीं. मात्र त्या काळीं ह्या खेळांत प्रसिद्धीचा व पैशाचा लोभ शिरला, आणि त्यापासून शिकागोचें मैदान अलिप्त राहिलें असें म्हणतां येत नाहीं.

सत्तरी भरतांच, १९३२ अखेर, विद्यापीठानें त्यांस शिक्षकपदावरून निवृत्त केलें व दुसरें मानाचें काम देऊं केलें. तें नाकारून ते कॅलिफोर्नियांतील स्टॉकटन येथें पॅसिफिक कॉलेजांत गेले. मेथॉडिस्ट लोकांनीं स्थापिलेल्या ह्या लहानशा कॉलेजांत त्यांनीं १९४६ पर्यंत शिकविलें. १९४३ सालीं, ८१ व्या वर्षीं, इतर शिक्षकांनीं त्यांस वर्षांतील उत्तम शिक्षक म्हणून निवडलें.

ह्यानंतरचा भाग आमच्या मतें सर्वांत उत्तम होय. पेन्सिल्व्हेनियांतील सस्क्वेहॅना ह्या लूथरपंथी विद्यापीठांत त्यांचा मुलगा मुख्य शिक्षक होता. १९४७ सालीं, वय ८४ असतां, वडील तेथें मुलाच्या मदतीस गेले. ज्याच्या संघांनीं तीनशेंवर सामने जिंकले तो पुरुष पोराच्या जोडीला मैदानावर उभा राहूं लागला. मान जावयाच्या भयानें आपण मंडळींतील पंच किती वेळ खुर्ची धरून बसतों! १९५१ सालीं पितापुत्रांचा संघ एकही सामना हरला नाहीं. पुढें स्टॉकटनच्या एका लहान कॉलेजांत, चेंडूस लाथ कशी मारावी एवढेंच शिकविणारे साहाय्यक म्हणून ते काम करीत राहिले. तें त्यांनीं १९६० सालीं, ९८ व्या वर्षीं सोडलें.

१८९४ पासून त्यांस साथ देणाऱ्या पत्नी स्टेलाबाई १९६४ सालीं वारल्या. १७ मार्च १९६५ रोजीं स्टॅग स्टॉकटन येथें प्रभूच्या ठायीं निजले. त्यांचें वय १०२ वर्षांचें होतें.