जमिनीचा हिशेब मांडणारे लीबिग

जर्मनीतील डार्मस्टाट शहरातील एका शाळेत गुरुजींनी एका मुलाला विचारले, की मोठेपणी तू कोण होणार? मी रसायनशास्त्रज्ञ होणार, असे त्याने सांगताच सारा वर्ग खो खो हसू लागला. त्या काळी या विषयाला तेथे फारशी किंमत नव्हती. त्या मुलाचे नाव युस्टुस लीबिग.

लीबिग यांचा जन्म १२ मे १८०३ रोजी झाला. त्यांचे वडील रंग व रसायने विकत. त्यामुळे युस्टुसला लहानपणीच प्रयोगांचा नाद लागला. वडिलांनी त्याला एका औषधविक्रेत्याकडे काम शिकायला ठेवले. तेथे तो स्फोटक पदार्थ बनवू लागला. एकदा मोठा धडाका झाला आणि त्याची घरी रवानगी झाली, असे सांगतात.

तरीही त्याने हिंमत सोडली नाही. पॅरिसला जाऊन त्याने मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या हाताखाली शिक्षण घेतले. १८२४ साली, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, लीबिग गीसेन येथे प्राध्यापक झाले. त्यांच्या प्रयोगशाळेत देशोदेशींचे विद्यार्थी येऊ लागले.

१८४० साली त्यांनी शेतीच्या रसायनशास्त्रावर एक पुस्तक लिहिले. पीक कापून नेले, की जमिनीतील पोटॅश, फॉस्फरस अशी द्रव्येही शेताबाहेर जातात. ती परत दिली नाहीत तर जमीन गरीब होते. वाण्याच्या वहीत असतो तसा हा जमाखर्च होता.

पण या हिशेबात त्यांची एक चूक झाली. नायट्रोजन हवेतून व पावसातून पिकाला पुरेसा मिळतो, असे त्यांना वाटले. १८४५ साली त्यांचे खत इंग्लंडमध्ये विक्रीला आले. ते पावसाने वाहून जाऊ नये म्हणून सहज न विरघळणारे बनवले होते. शेतकऱ्यांचे पैसे खर्च झाले, पण पीक वाढले नाही. तिकडे रॉथमस्टेड येथे लॉझ आणि गिल्बर्ट यांनी गव्हावर प्रयोग केले. नायट्रोजन दिलेल्या शेतात गहू भरपूर आला. खत न विरघळणारे करणे ही चूक होती, हे लीबिग यांनी पुढे मान्य केले. नायट्रोजनचा वाद मात्र बरीच वर्षे चालला.

लीबिग यांनी शेताबरोबर देशाचाही हिशेब पाहिला. खेड्यातील धान्य लंडनला जाते आणि शहराची घाण नदीतून समुद्रात जाते. म्हणजे शेताचे धन कायमचे बुडते, हे त्यांनी लोकांना बजावून सांगितले. १८ एप्रिल १८७३ रोजी म्युनिक येथे त्यांचे निधन झाले.

आज अनेक देश नायट्रोजनचा असा हिशेब ठेवतात. खत किती घातले, पिकात किती गेले, वाया किती गेले, हे मोजतात. जगात शेतांना दिलेल्या नायट्रोजनपैकी जवळजवळ निम्माच पिकांच्या उपयोगी पडतो. उरलेला बराचसा विहिरी, नद्या आणि हवा बिघडवतो. खत कमी पडले तर धान्य घटते, जास्त झाले तर पाणी दूषित होते.

मुलांनो, मोठ्या माणसांचेही अंदाज चुकतात. म्हणून अंदाजावर न थांबता मोजून पाहावे आणि चूक दिसली तर हिशेब दुरुस्त करावा.