करारापासून कायद्यापर्यंत : जोनाथन डंकन

मुंबईच्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये गव्हर्नर जोनाथन डंकन यांचे स्मारक आहे. काशी व काठियावाड येथील बालहत्या बंद झाल्याचा उल्लेख त्यावर कोरलेला आहे. प्रत्यक्षात त्यांनी आरंभिलेले ते कार्य त्यांच्या मृत्यूनंतरही दीर्घकाळ अपुरेच होते.

१७५६ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेले डंकन १७७२ मध्ये कंपनीच्या नोकरीत कलकत्त्यास आले आणि १७८७ मध्ये काशीचे रेसिडेंट झाले. तेथील संस्कृत पाठशाळा १७९१ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने स्थापन झाली. १७८९ मध्ये जौनपूरकडील राजकुमार राजपुतांत मुलगी जन्मताच मारण्याची चाल असल्याचे त्यांना समजले. तोलामोलाचे स्थळ दुर्मीळ आणि विवाहाचा खर्च अफाट, ही त्यामागची कारणे होती. डंकन यांनी शास्त्राचा आधार घेतला. ब्रह्मवैवर्त पुराणात सांगितलेल्या पातकाचा दाखला देऊन त्यांनी त्या कुळांकडून ही चाल सोडण्याचा करार लिहून घेतला. पुढे १७९५ च्या रेग्युलेशनने अशी हत्या खून ठरवली.

त्याच वर्षाच्या अखेरीस डंकन मुंबईचे गव्हर्नर झाले. काठियावाडातील जाडेजांमध्येही हीच चाल होती. त्या प्रांतातून बडोद्याचे गायकवाड खंडणी वसूल करीत. म्हणून डंकन यांनी हे काम बडोद्याचे रेसिडेंट कर्नल वॉकर यांच्याकडे सोपवले. १८०८ मध्ये जाडेजा सरदारांनी करारावर सह्या केल्या. करार मोडल्यास कंपनी सरकार व आनंदराव गायकवाड यांचे सरकार ठरवील ती शिक्षा त्यांनी मान्य केली.

११ ऑगस्ट १८११ रोजी डंकन मुंबईत निवर्तले. सह्या झाल्या होत्या. परंतु कोणत्या घरी मुलगी जन्मली आणि ती जगली की नाही, हे पाहणारी व्यवस्था उभी राहिली नव्हती. जन्म आणि मृत्यू दोन्ही घराच्या आतच घडत. साक्ष देणारे घरातलेच. पुढे १८३४ च्या सुमारास पोलिटिकल एजंट विलोबी यांनी जाडेजा घरांतील मुलींची मोजणी हाती घेतली, तेव्हा मुलग्यांच्या मानाने त्यांची संख्या फारच अल्प असल्याचे उघड झाले.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न १८७० च्या आठव्या कायद्याने केला. ज्या समाजात वा प्रदेशात ही चाल असल्याचा संशय असे, तेथे जन्म-मृत्यूची नोंद, पोलिसांची देखरेख आणि विवाहखर्चावर मर्यादा घालण्याचा अधिकार सरकारला मिळाला. पालक हयगय करीत असल्यास मूल त्याच्या ताब्यातून काढून घेण्याची मुभाही मॅजिस्ट्रेटला मिळाली.

डंकन यांनी पित्याच्या वचनावर भिस्त ठेवली. कायद्याने पाळण्यावर पहारा बसवला. जिथे पूर्वी घात झाला आहे, तिथे नवजाताचे रक्षण घरच्यांच्या शब्दावर सोडता येत नाही, हे उमगण्यास मधली ८१ वर्षे जावी लागली.