मोल्सवर्थ साहेब आणि मराठी शब्द

'हात' या शब्दाचा अर्थ काय, असें कोणी विचारलें तर तुम्ही हंसाल. परंतु हात टेकणें, हात आंखडणें, हात मारणें, यांत प्रत्यक्ष हाताचा संबंध कितीसा आहे? असल्या प्रश्नांचा ज्यांस आमरण ध्यास लागला, त्या जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांचें हें अल्प चरित्र आहे.

त्यांचा जन्म इ. स. १७९५ सालीं झाला. कंपनी सरकारच्या मुंबईकडील फौजेंत अधिकारी म्हणून ते इकडे आले, तेव्हां त्यांचें वय अवघें सोळा वर्षांचें होतें. सोळा वर्षें म्हणजे आपल्या वरच्या वर्गांतील मुलांचेंच वय! मराठी शिकूं पाहणाऱ्या परकीयास त्या काळीं साधनें फारच थोडीं होतीं. विल्यम केरी यांचा कोश १८१० सालीं सेरामपूर येथें निघाला होता. पण त्यांतील मराठी शब्द मोडी लिपींत होते. मोल्सवर्थ यांनीं स्वतःच शब्द टिपण्यास आरंभ केला.

पुढें १८२५ च्या सुमारास सरकारनें हें काम मान्य केलें. जॉर्ज व टॉमस कँडी हे बंधू मदतीस आले, आणि शब्द गोळा करण्यास व पारखण्यास शास्त्रीमंडळी नेमण्यांत आली. कोश १८३१ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच्या मुखपृष्ठावर साहेबांचीं नांवें आलीं, शास्त्र्यांचीं मात्र आलीं नाहींत. ही उणीव आज वाचतांना मनास टोंचते.

या कोशाचा खरा थोरपणा असा कीं, त्यांत पोथींतल्या संस्कृत शब्दांच्या पंक्तीस कोंकणांतले, देशावरले, शेतांतले व स्वयंपाकघरांतले शब्द निःसंकोच बसले आहेत. कडकड, खळखळ, झुळझुळ असे नुसते ध्वनीचे शब्दही वगळले नाहींत. शब्द संस्कृतांतून आला कीं फारसींतून, याची खूण शेजारीं दिलेली असते. 'डोळा' काढून पाहावा: डोळा चुकविणें, डोळे निवणें, डोळे पांढरे होणें, अशी वाक्प्रचारांची रांगच लागते. एक शब्द पाहण्यास जावें आणि अर्धा तास तेथेंच रमावें, असा हा ग्रंथ आहे.

शरीरानें मात्र त्यांस साथ दिली नाहीं. इंग्रजी-मराठी कोश हातीं घेतला असतांच प्रकृति ढासळली आणि १८३६ सालीं त्यांस स्वदेशीं परतावें लागलें. तें काम टॉमस कँडी यांनीं १८४७ मध्यें तडीस नेलें. शिपाईगिरी आपल्या धर्मबुद्धीस पटत नाहीं, असें वाटून मोल्सवर्थ यांनीं लष्करी नोकरी सोडली होती व तिचें निवृत्तिवेतनही नाकारलें होतें. अशा माणसानें आतां स्वस्थ बसावें, असें कोणासही वाटलें असतें. पण पन्नाशी उलटल्यावर, १८५१ सालीं, ते पुनः समुद्र ओलांडून आले. कशासाठीं? तर स्वतःच्याच कोशांतील उणिवा दूर करण्यासाठीं! सहा वर्षें पुणें व महाबळेश्वर येथें खपून त्यांनीं १८५७ सालीं दुसरी आवृत्ति काढली. तींत सुमारें ६०,००० शब्द आहेत.

या मोठ्या ग्रंथावरून बाबा पदमनजी यांनीं १८६३ सालीं एक संक्षिप्त कोश तयार केला. मोल्सवर्थ १८७१ सालीं इंग्लंडांत वारले. त्यांचा मूळ कोश १९७५ सालीं पुण्यास पुनः छापला गेला, आणि अडलेला शब्द शोधणारे वाचक आजही त्याचीं पानें उलटतात.